अर्ध्या गुंठ्याचं वळण

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत असा एकही रस्ता नसेल, ज्याच्यावरून माझे व्याही मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन गेलेले नाहीत. रस्ता डांबरी असो, खडीचा असो, की नुसता मुरूम पसरून नारळ फोडलेला असो. एसटीत, टेम्पोत किंवा बांधकाम खात्याच्या जीपमध्ये व्याही खिडकीशी बसणार, तांब्या दोन्ही हातांत धरणार, वाटेत कुणाशी अक्षर बोलणार नाहीत, आणि उतरल्यावर तांब्यात बोटं बुडवून निकाल सांगणार. "चार बोटं गेलं. खडी दबली न्हाई." एका नव्या ओव्हरसियरने त्यांना विचारलं, की हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय? व्याही शांतपणे म्हणाले, "सायेब, गाडीतल्या माणसाच्या पोटातलं पाणी हाललं का न्हाई, ते मला दिसत न्हाई. म्हणून तांब्यातलं बघतो." ओव्हरसियरने तो तुकडा पुन्हा दाबून घेतला. पुढे तर तो माणूस कामाचं बिल काढण्याआधी "मामांचा तांब्या झाला का?" असं विचारायला लागला.

माझी ओळख थोडक्यात देतो, म्हणजे पुढचं कळेल. कापूरहोळच्या चौकात पंक्चर काढत मी मोठा झालो. तिथेच सिमेंट-लोखंडाचं दुकान टाकलं, टेम्पो घेतला, मग दुसरा घेतला. कुणी हात दिला नाही, मीही कुणापुढे पसरला नाही. सांगितलेल्या भावात मी आजवर सुतळीचा तोडासुद्धा घेतलेला नाही, आणि समोरच्याने आवाज चढवला तर माझा आवाज त्याच्या वर जातो, हे हायवेवर सगळ्यांना ठाऊक आहे. अशा माणसाला देवाने व्याही दिले ते हे. घासाघीस कशाशी खातात, हे त्यांना माहीत नाही. भोरच्या बाजारात एकदा ते चपला घेत होते. चांभाराने भाव सांगितला आणि यांनी खिशात हात घातला. मी तो हात धरला, अर्धा तास भांडलो, दोनदा उठून चालायला लागलो आणि भाव चांगला खाली आणला. व्याह्यांनी चपला घेतल्या, मी वाचवलेले पैसे चांभाराच्या पोत्यावर ठेवले आणि मला म्हणाले, "तो सकाळपास्नं हितं उन्हात बसलाय. आपुन आत्ता आलोय." त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर बाजारात जात नाही.

मुलीच्या लग्नाची सुपारी फोडायची बैठक भोरलाच झाली. मी तयारीने गेलो होतो. मुलाकडचे काय मागणार, मी काय म्हणणार, ते कुठे अडणार आणि मी टोपी उचलून कधी उठणार, सगळं मनात बसवलेलं होतं. व्याह्यांनी पान खाल्लं आणि म्हणाले, "आमचं काय मागणं न्हाई." मागणं नाही म्हणणारा माणूस बाजारात सगळ्यांत महाग पडतो, असा माझा अनुभव आहे. मी म्हटलं, "इवाई, असं करू नका. काहीतरी बोला. नायतर पुढं आमच्या पोरीला ऐकवाल." त्यांनी जरा विचार केला. "बरं, तुमच्या समाधानापायी एक मागणं राखून ठिवतो. लागलं तर मागीन." बैठक हसली. मीही हसलो. साऱ्या जन्मात मी एकच कोरा कागद सही करून दिला, आणि तोही हसत हसत.

लग्नातच त्यांची दुसरी तऱ्हा कळली. हा गृहस्थ माणसं नावाने ओळखत नाही, जमिनीच्या गट नंबराने ओळखतो. गावनकाशाची एक नक्कल पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यात गुंडाळून कायम काखेत. नकाशा तोंडपाठ, माणसांच्या नावांत गोंधळ. पंगतीत वाढप्यांना सांगत होते, "एकशे बेचाळीसला जिलबी वाढा. अठ्ठ्याण्णवकडं भात आला न्हाई अजून." आमच्याकडचे पाहुणे एकमेकांच्या पाठीवर काही चिकटवलंय का ते बघत होते.

त्यांची वाडी तोरण्याच्या अंगाला, वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या एका फाट्यापासून दीड कोस आत. एसटी फाट्यावर माणसं उतरवायची आणि निघून जायची. तिथून पुढे खताचं पोतं, तांदूळ, आजारी माणूस, सगळं डोक्यावर किंवा झोळीतून. जुनी गाडीवाट ओढ्यातून जायची आणि पावसाळ्यात ओढ्याचीच व्हायची. वाडीला रस्ता व्हावा हा एकच ध्यास घेऊन व्याह्यांनी वेल्ह्याच्या कचेरीत वर्षं काढली. ते सरपंच कधीच नव्हते. दर बाजारच्या दिवशी भाकरी बांधून यायचे आणि रस्त्याचा प्रस्ताव ज्या टेबलावर असेल त्याच्यासमोरच्या बाकावर बसायचे. कागद दुसऱ्या टेबलावर गेला, की हेही उठून त्या बाकावर. एका नव्या कारकुनाने विचारलं, "आजोबा, तुमचं काय काम आहे?" हे म्हणाले, "माजं काय न्हाई. काम कागदाचं हाय. म्या सोबतीला आलोय. एकटा कागद वाट चुकतो."

आता माझ्या तक्रारीकडे येतो. लग्नानंतर दोनेक वर्षांनी मी त्याच फाट्यावर जागा घेतली. पुढेमागे धरणाच्या कामांनी तिकडे बांधकाम वाढणार, हे मी ओळखलं होतं. सातबारा बघितला, फेरफार बघितले, चारही बांधांवरून स्वतः चाललो, मूळ मालकाला तीन हंगाम घोळवला आणि मनासारखा भाव पाडला. फक्त एका माणसाला विचारलं नाही. व्याह्यांना कळलं तर ते मालकाला सांगेल तो भाव देऊन टाका म्हणतील, या भीतीने सौदा होईपर्यंत मी त्यांच्यापासून लपवला. गोदाम बांधलं आणि पूजेला बोलावलं, तेव्हा ते पाइपातून नकाशा काढून जागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकत गेले, जेवले आणि "जागा चांगली हाय" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी मलाही नाव उरलं नाही. मी दोनशे अकरा झालो.

वाडीचा रस्ता मंजूर झाला, तेव्हा कळलं की ओढा टाळायचा तर तो दोनशे अकरामधूनच काढावा लागतो. बाकीच्या सगळ्या शेतकऱ्यांनी जमीन फुकट देत असल्याची संमतीपत्रं दिली होती. पहिलं व्याह्यांचं, त्यांच्या भाताच्या सगळ्यांत चांगल्या खाचराचं. माझं एकट्याचं बाकी होतं. मार्च संपायच्या आत कागद गेले नाहीत, तर पैसे खोऱ्यापलीकडच्या दुसऱ्या गावाला जाणार होते. ग्रामसभेला मला बोलावलं. देवळाच्या मंडपात सारी वाडी बसलेली.

मी उभा राहिलो आणि माझा पट्टा सुटला. म्हटलं, ही जागा वाडवडिलांची नाही, पंक्चरच्या पैशाची आहे. रस्ता शेजारच्या बांधावर सरकवा, नाहीतर मला फाट्यावर गाळे काढायची परवानगी लिहून द्या, नाहीतर मोबदला द्या. सरपंच म्हणाला, "शेठ, एवढं तापू नका, चहा घ्या." मी म्हटलं, "चहावर जमीन घेता व्हय?" वाडीतली एक म्हातारी पदराआडून म्हणाली, "आपल्याच पोरीच्या वाटंत बसलाय बाबा." मी तिच्यावरही ओरडणार होतो, तेवढ्यात व्याही उठले. टोपी काढली, पुन्हा नीट घातली.

"पाव्हणं, सुपारी फोडताना माजं एक मागणं राह्यलंय."

माझे कान तापले.

"किती?" मी विचारलं.

"अडीच गुंठं."

आता सवयीला काय करणार? कुणी आकडा सांगितला, की माझ्या तोंडून खालचा आकडा आपोआप निघतो. मी म्हटलं, "दोन."

"बरं, दोन," व्याही म्हणाले आणि खाली बसले.

माझी खरी तक्रार ही आहे. मागणं सगळ्यांसमोर मागितलं याची नाही. दोन म्हणताना मी अडीचवर यायची तयारी ठेवलेली होती. त्यांनी नुसतं "न्हाई, अडीच" म्हणायचं होतं. मी "सव्वादोन" म्हटलं असतं, त्यांनी मान हलवली असती, मी कपाळाला हात लावला असता आणि शेवटी अडीच दिले असते. जगात व्यवहार असाच होतो. पण या माणसाने माझ्या पहिल्या शब्दावर "बरं" म्हटलं, ग्रामसेवकाने ते लिहून घेतलं, आणि सगळ्या वाडीसमोर शब्द वाढवायला माझी जीभ उचलेना.

रस्ता झाला. रोलर भोरच्या एका चाचांचा होता. मुरूम दाबत ते वर निघाले, तर व्याही चपला हातात घेऊन अनवाणी त्यांच्या मागे. नव्या रस्त्यावर पहिल्या दिवशी पायताण घालायचं नाही, हा त्यांचा नेम. चाचा मला म्हणाले, "शेठ, पंचवीस वर्षं रोलर चालवतो. माझ्या मागून इतक्या अदबीनं कुणी चाललं नाही." पुढच्या वर्षी डांबर पडलं, एसटी वाडीत गेली. रस्ता सुतासारखा सरळ, फक्त फाट्यावर माझ्या गोदामाचा अर्ध्या गुंठ्याचा कोपरा चुकवायला त्याला एक वळण. ड्रायव्हर तिथे करकचून ब्रेक मारायचा, खिडकीशी बसलेले व्याही झुकायचे आणि तांब्यातलं पाणी धोतरावर सांडायचं. वाडीपर्यंत बाकी एक थेंब नाही. ते उपरण्याने धोतर टिपायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. इकडे कंडक्टर मात्र हाळी द्यायला लागले, "शेठचं वळण कोण उतरणार?" सगळ्या वेल्हे तालुक्यात माझं नाव कशाला लागलं, तर या वळणाला.

अशी काही वर्षं गेली. एकदा गोदामावर गेलो असताना फाट्यावरच्या चहावाल्याशी बोलत बसलो. तांब्याचा विषय निघाला. तो म्हणाला, "तो तांब्या माझा होता, शेठ. तुमची मुलगी पहिल्या खेपेला अडली, तेव्हा वाडीतनं झोळी करून आणली होती. पुढचा खांदा तुमच्या व्याह्यांचा. हितं पोचल्यावर तिनं पाणी मागितलं, म्हणून माझ्याकडनं भरून घेतलं. मग टेम्पोत तिच्याशेजारी बसले. खड्डा आला की ती कळवळायची, आणि ह्यांचं पाणी सांडायचं. तांब्या त्यांनी मला परत दिलाच न्हाई. नवा आणून दिला."

मला तो दिवस आठवत होता. कापूरहोळला टेम्पो माझ्या दाराशी थांबला, तेव्हा व्याह्यांच्या हातात रिकामा तांब्या होता, आणि पाहुणे तांब्या घेऊन कुठे निघाले, असं माझ्या मनात येऊन गेलं होतं. मुलीला दवाखान्यात नेण्याच्या धांदलीत मी विचारलं नाही. झोळीचं मला मुलीने सांगितलं नाही, जावयाने नाही, आणि त्या भर ग्रामसभेत, जिथे एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं, तिथे व्याह्यांनीही सांगितलं नाही. चहा तसाच ठेवून मी उठलो आणि दुसऱ्या दिवशी गोदामाचा कोपरा पाडायला माणसं लावली.

पण सरकारी रस्ता नुसती भिंत पाडून सरळ होत नाही. त्याला पुन्हा संमतीपत्र, ठराव, प्रस्ताव. व्याह्यांचे गुडघे तोवर गेले होते, त्यांना वेल्ह्याला जाणं जमत नव्हतं. मग बाजारच्या दिवशी दुकान पोरांवर टाकून मी जायला लागलो. एका टेबलासमोरच्या बाकावरून दुसऱ्या टेबलासमोरच्या बाकावर. एका कारकुनाने विचारलं, "शेठ, आपलं काय काम?" मी म्हटलं, "माझं काही नाही. कागदाच्या सोबतीला आलोय." कोपऱ्यातला जुना शिपाई गालात हसला आणि न मागता चहा घेऊन आला. आयुष्यात मला बरेच मान मिळाले, पण तो चहा मी विसरलेलो नाही.

वळण निघालं. डांबर वाळल्यावर मी जीप काढली, जावयाला चालवायला बसवलं आणि व्याह्यांना वाडीतून आणायला गेलो. विहीणबाईंनी तांब्या भरून दिला. व्याही खिडकीशी बसले, मी शेजारी. जीप निघाली आणि माझ्या लक्षात आलं, की त्यांचे हात थरथरतायत. वाडीच्या मोरीपाशीच पाणी सांडलं, सरळ रस्त्यावर सांडलं, जिथे वळण होतं तिथेही सांडलं. फाट्यावर जीप थांबली तेव्हा तांब्या अर्धा झाला होता. ते बोटं बुडवायला गेले आणि थांबले.

मी भडकलो. म्हटलं, "कंत्राटदारानं फसवलंय. खडी दबली नाही. मी वर तक्रार करतो, पुन्हा करून घेतो सगळं."

ते उपरण्याने मांडी टिपत म्हणाले, "न्हाई पाव्हणं. रस्ता चांगला हाय."

"सांडलं की एवढं."

"आता जाताना तुमी धरा," ते म्हणाले.

चहावाल्याकडून मी तांब्या काठोकाठ भरून घेतला. परत वाडीपर्यंत तो माझ्या मांडीवर होता आणि त्यांची नजर त्यावर. कुठे वळण होतं ते मला कळलंसुद्धा नाही. वाडीत उतरल्यावर त्यांनी बोटं बुडवली. पाणी जिथल्या तिथे होतं.

"किती गेलं?" मी विचारलं.

"तुमीच सांगा की, दोनशे अकरा," व्याही म्हणाले, आणि तांब्या माझ्याच हातात ठेवून काठी टेकत घरात गेले. तेव्हापासून तो माझ्या जीपमध्ये आहे.