रोजची दाढी

वडखळ नाक्याजवळच्या गाड्यांना पॉलिश करणाऱ्या शेडमध्ये सगळ्या कामगारांचे अवतार धुळीने माखलेले असत, हा एकटा मात्र रोज गुळगुळीत दाढी करून यायचा. गाडी द्यायला गेलो असताना मी एकदा चिडवलंसुद्धा, "काय, बघायला येणारेत की काय कोणी?" तो हसला नाही. तसा तो हसायचाच कमी.

पॉलिशआधी गाडी तयार करणं, एवढंच त्याचं काम. गाडी धुऊन झाली की थिनरच्या फडक्याने डांबराचे ठिपके काढायचा. मग रुतलेले बारीक कण ओढून घेणारा चिकट मातीचा गोळा पाणी मारत मारत पत्र्यावर फिरवायचा. घाई केली की म्हणायचा, "कण राह्यला ना साहेब, तर मशीन त्यालाच फिरवतंय. पॉलिश नाय, ओरखडे घेऊन जाल घरी."

एकदा गाडी न्यायला मी लवकर पोचलो. तो माझ्या गाडीच्या बॉनेटवर वाकला होता. डोळे मिटून, पत्र्याला गाल टेकवून हळूहळू सरकत होता. मला पाहून ओशाळला. मग दोन्ही पंजे पुढे केले. बोटांची टोकं पांढरी पडून तुकतुकीत झाली होती.

"थिनरनं मेली ही. खरखर कळत नाय आता. गालाला कळतंय अजून. शेठला बोलू नका."

मी बोललो नाही.

परवा रोह्याला जाताना तो नाक्यावर दिसला. भर कामाच्या वेळी टपरीच्या बाकावर बसला होता. मी थांबलो, त्याच्यासोबत चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो. कामाचं मात्र विचारलं नाही. त्याच्या गालांवर आठवड्याची पांढरी दाढी वाढली होती.