कूलरखालचा ताळेबंद

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या इतवारी बाजारात स्टीलच्या डब्यासाठी घासाघीस करत होते. वहिनी एवढंच म्हणाली, "ये वं लवकर…" डबा तिथेच ठेवून निघाले. त्याला महिना होऊन गेला. लोक सांगतात, राग हळूहळू निवतो. माझा निवलेला नाही, आणि निवावा अशी इच्छाही नाही.

सुधाकरदादा, माझा थोरला भाऊ, नागपूरजवळच्या एका पालिकेत मुख्य लेखा अधिकारी होता. पालिकेचं नाव घेत नाही. ज्यांना झोंबायचं त्यांना झोंबेलच. या पालिकेच्या दोन कंपन्या, एक पाण्याची, एक बसची. तिघांचे ताळेबंद वेगळे आणि तिन्ही दिसायला गोजिरे. पाण्याची कंपनी नफ्यात, कारण पालिकाच तिला पोसत होती. पालिका ठणठणीत, कारण कर्ज बसच्या नावावर. दादाचं म्हणणं, तिघांना एका ताटात वाढा, मग कळेल घरात खरं काय शिजलंय. सुट्टीचे सगळे दिवस घालून त्याने तिघांचा मिळून एक ताळेबंद तयार केला.

ही खोड आमच्या बाबांची. काटोलच्या बाजारात बाबा संत्र्याची पेटी व्यापाऱ्याने विचारायच्या आत स्वतःच पालथी करत. म्हणत, "वरचे संत्रे सगळ्यायचेच चांगले दिसते. खालचे पाहा." कधी भाव पडायचा, पण बाबांच्या मालाला कोणी मागाहून नाव ठेवलं नाही. दादा तेच करायला निघाला होता. फक्त पेटी दुसऱ्यांची होती.

मुख्याधिकारी साहेबांनी अहवाल हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, "तिघायचं ऑडिट होऊन राहिलं ना? मंग एकत्र काहून? कोण वाचते हे?"

"लोकं वाचतील, साहेब."

"लोकायले नळाले पाणी आलं का, एवढंच पाहिजे."

अहवाल सर्वसाधारण सभेपुढे कधी आलाच नाही. दादाची मात्र जन्म-मृत्यू नोंदणीला बदली झाली. "बरं आहे वं," तो मला म्हणाला, "इथं तरी दोन्ही बाजू एकाच खिडकीत आहे." हसायचा, पण ताटातलं तसंच राहायचं… डॉक्टर म्हणतात, हृदय. मी म्हणते, साहेब.

शोकसभेत हेच साहेब म्हणाले, "हिशेब हा त्यांचा छंद होता." छंद! दादाचा ऑफिसात राहिलेला चष्मा साहेबांकडे ठेवला होता; सभेनंतर तो घ्यायला मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कोपऱ्यातला कूलर डुगडुगू नये म्हणून त्याच्या एका पायाखाली दादाचा अहवाल सारला होता. पाण्याने फुगलेला. मी चष्मा घेतला आणि बाहेर पडले.

गेल्या आठवड्यात साहेब घरी आले, हार घेऊन. नव्या कर्जासाठी बँकेने अट घातली आहे : पालिका आणि कंपन्या मिळून एकच ताळेबंद द्या. "ताई, घरी एखादी प्रत असेल ना? लय उपयोगाची चीज आहे हो ती."

"तुमच्या कूलरखाली आहे की."

साहेबांनी हार पुढे केला. मग म्हणाले, "सभागृहात दादांचा फोटो लावू."

"फोटो नको. प्रत आहे घरी, मी सभेत घेऊन येते. सर्वसाधारण सभेत वाचा. तुम्ही स्वतः, उभं राहून, पहिल्या पानापासून. मग प्रत घेऊन जा." वहिनीने मान डोलावली. आमच्या घरून चहा न घेता गेलेला हा पहिला पाहुणा. विचारलाच नाही आम्ही. दोन दिवसांत विषयपत्रिकेवर दादाचा विषय आला. गरज पडली की साहेबांनाही अक्कल येते.

दादाच्या खोलीत बाबांची एक लाकडी पेटी आहे, पालथी घातलेली. तिच्यावर बसून तो रोज बुटाच्या नाड्या बांधायचा. वहिनी काल म्हणाली, सरळ करून कपडे ठेवू का हिच्यात? मी म्हटलं, "राहू दे वं, पालथीच राहू दे." सोमवारी सभा आहे. प्रेक्षकांसाठी तिथे खुर्च्या कमी असतात म्हणे. मी ही पेटी घेऊन जाणार आहे. साहेबांच्या बरोबर समोर ठेवून बसेन… सावकाश वाचा साहेब, मला घाई नाही.