खालून कापलेल्या सात ओळी

आमच्या आमदारांचं पत्रक दर महिन्याच्या एक तारखेला निघतं. एकच पान. वरच्या अर्ध्यात ‘आपल्या परंपरा’, खालच्या अर्ध्यात ‘सध्याचे प्रश्न’ आणि तळाला साहेबांचा हसरा फोटो. ते पान मी लावतो. एकवीस वर्षं या छापखान्यात तेच करतोय. मजकूर मी वाचत नाही, मोजतो. गेल्या महिन्यात काय छापलंस असं कुणी विचारलं तर मी सांगेन, बासष्ट ओळी.

लिहिते ती टाचणीबाई. सही साहेबांची, फोटो साहेबांचा, शब्द हिचे. ‘लहानपणी मी या नदीत मनसोक्त डुंबायचो’ हे वाक्य जिनं लिहिलं तिला पोहताच येत नाही. साहेबांच्या कार्यालयात पाण्याची टाकी आणि फायलींचं कपाट यांच्यामध्ये तिचं टेबल आहे. स्टेपलर तिला चालत नाही. “तो भोक पाडून मोकळा होतो, टाचणी निदान काढता तरी येते,” असं तिचं म्हणणं. बाहीला कायम चार-पाच टाचण्या खोचलेल्या असायच्या, त्यावरून हे नाव पडलं. मी मात्र तिला ताईच म्हणतो.

शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथं ती आणि तिचा थोरला भाऊ राहतात. दादा साबणाच्या कारखान्यात होता. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेली, आणि गेली पाच वर्षं तो आठवड्यातून तीनदा आमच्या लहानशा सरकारी दवाखान्यात डायलिसिस करून घ्यायचा. चार तास मशीनला जोडून पडायचं, मग चालत घरी. वाटेत माझ्या खिडकीपाशी थांबायचा. “काय, किती ओळी कापल्यास आज?” असं विचारून स्वतःच हसायचा.

कापायचा नियम ताईनंच घालून दिलेला. मजकूर जास्त झाला तर खालून कापायचं आणि फोन करून डोकं खायचं नाही. त्याआधी एकदा मी शहाणपणा करून मधून कापलं होतं, तेव्हा साहेबांनी छापील अक्षरांत सांडपाण्याचे मनःपूर्वक आभार मानले होते. त्यानंतर खालून म्हणजे खालून.

मग आरोग्य खात्याचा तो प्रस्ताव आला. डायलिसिसची तिन्ही मशीन इथून उचलून दोन तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात न्यायची. कारण काय, तर सोयीचं होईल. कुणाच्या सोयीचं ते लिहिलेलं नव्हतं. लोकांनी तीस दिवसांत लेखी हरकती पाठवायच्या, पुरेशा आल्या तर फेरविचार होईल. ताई कागद घेऊन साहेबांपुढे उभी राहिली. “टाका की पत्रकात,” साहेब म्हणाले. “पण वरचा भोंगा मस्त झाला पाहिजे हं.”

भोंगा म्हणजे साबणाच्या कारखान्याचा. कारखाना बंद पडून बावीस वर्षं झाली, भोंगा मात्र रोज सकाळी आठला वाजतो. तिथला राखणदार वाजवतो. त्याला कुणी सांगितलेलं नाही आणि कुणी थांबवलेलंही नाही. लोक त्यावर घड्याळं लावतात. त्या महिन्याची परंपरा ती. माहिती दादानंच दिली होती, कारण चालू कारखान्यात अकरा वर्षं तो भोंगा त्याच्याच हातात होता.

ताईनं पान बरोबर मोजून लिहिलं होतं. वर भोंगा, खाली डायलिसिस, आणि शेवटच्या सात ओळींत हरकत कशी लिहायची, कुठे पाठवायची, शेवटची तारीख कोणती. मुद्द्याची गोष्ट शेवटी सांगायची तिची सवय. ज्या दिवशी मी पान लावत होतो त्या दिवशी ती दवाखान्यात दादाजवळ बसली होती. आणि साहेबांनी गाडीतून थेट मलाच निरोप धाडला की भोंग्यात एवढी भर घाला. ते शाळेत असताना भोंग्यानं त्यांना कसं उठवलं, उशीर कसा झाला, शिक्षक काय म्हणाले. मोजलं. बरोबर सात ओळी.

मी खालून कापल्या. वाचल्या नाहीत.

पत्रक घरोघर गेलं. दुसऱ्या दिवशी ताई ते हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल, निदान आवाज तरी चढवेल. ती म्हणाली, “नियम माझाच होता,” आणि खुर्चीवर बसली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चिठ्ठी छापून देतो म्हणालो. साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, पत्रकाला ठिगळ नको, पुढच्या अंकात घेऊ. पुढचा अंक मुदत संपल्यावर दोन दिवसांनी निघणार होता. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, “बघू.” या एका शब्दानं माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आजवर बघितलंय कुणी?

मग ताईनं हातानं चाळीस कागद लिहिले आणि दिसेल तिथं टाचले. दवाखान्याची पाटी, किराणा दुकान, वाचनालय, शिंप्याचं दार. मीही दहा लावले. लोक म्हणायचे, हो हो, बघितलं, फार वाईट झालं बुवा. जणू काही होऊनच गेलं होतं.

पत्रं मात्र आली. साहेबांच्या कार्यालयात पोतं भरलं. दोनशे सोळा पत्रं, सगळी भोंग्याबद्दल! कुणी लिहिलं, पूर्वी तो पावणेआठलाच वाजायचा. कुणी चार पानं भरून सिद्ध केलं की पहिला भोंगा आपल्या आजोबांनी वाजवला. एकानं तर भोंग्याचा अपमान झाला म्हणून साहेबांनी जाहीर माफी मागावी असं लिहिलं. ताईनं प्रत्येकाला उत्तर लिहिलं, साहेबांच्या नावानं, टाचणी लावून. डायलिसिसवर हरकती गेल्या नऊ. त्यातल्या दोन ताई आणि दादाच्या, एक माझी.

सुनावणीला अधिकारी म्हणाला, “लोकांची फारशी हरकत दिसत नाही.” ताई उठली. “साहेब, लोकांना तारीखच कळली नाही.” शेजारी बसलेले आमचे आमदार म्हणाले, “असं कसं, आम्ही पत्रकात घेतलं होतं ना?” आणि तिच्याकडेच बघून मान हलवली. पाच मिनिटांत हात झटकून सगळे चहाला गेले.

मशीन गेली. आता पहाटे पाचला निघायचं, दोन तास जायचं, चार तास पडायचं, दोन तास यायचं. दादाला बस सोसत नाही, म्हणून गल्लीतल्यांनी पाळ्या लावल्या. शिंप्याचा जावई सोमवारी, किराणावाला बुधवारी, माझी जुनी गाडी शुक्रवारी. येताना दादा मागच्या सीटवर आडवा पडलेला असतो. ओळी किती कापल्या, हे आता तो विचारत नाही.

या महिन्यात साहेबांना हे कुठूनतरी कळलं. ते खूश झाले. म्हणाले, “हीच तर आपली परंपरा! याच्यावर लिहा.” ताईनं लिहिलं. ‘आमच्या गावात शेजारी शेजाऱ्याला आठवड्यातून तीनदा पहाटे स्वतःच्या गाडीनं उपचाराला नेतो. याचा मला अभिमान वाटतो.’ खाली साहेबांचा फोटो होताच.

ताई स्वतःच मजकुराचे दोन कागद घेऊन आली. मी आता मोजण्याआधी वाचतो. उशिरा आलेलं शहाणपण, कुणाच्या कामाचं नाही, पण वाचतो. वाचता वाचता माझं डोकं फिरलं. “ताई, हे मी लावणार नाही. यांना म्हणावं दुसरा छापखाना बघा.”

“लावा हो,” ती म्हणाली. “तुम्ही नाही लावलं तर दुसरं कुणी लावेल, आणि तो मधून कापेल.”

एवढं बोलून तिनं माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि ‘तीनदा’ खोडून वर ‘दोनदा’ केलं.

“हे चुकलं तुमचं,” मी म्हणालो. “सोमवार, बुधवार, शुक्रवार. तीनच होतात. शुक्रवारी मी स्वतः नेतो.”

“या शुक्रवारी येऊ नका. दादा म्हणतो, आता दोनदाच झेपेल. डॉक्टर रागावले. म्हणाले, किती दिवस काढाल असे?” बाहीची टाचणी काढून तिनं दोन्ही कागद एकमेकांना लावले. “बघा, बसतंय का पानात?”

मी मोजलं. दोनदा लिहिलं तरी ओळ तेवढीच भरत होती. काही कापावं लागलं नाही.