आक्का मॉल बघायच्या

शिल्पे, अशी जवळ येऊन बस. तो फोन ठेव जरा बाजूला. मघाशी जेवताना काय म्हणालीस? "आजीला शॉपिंगचं वेड होतं." ऐकून घास अडकला माझा. अगं, तुझी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ, आमच्या आक्का. बंगळूर, पुणे, हैदराबाद, जातील तिथला मॉल त्यांनी पालथा घातला, पण पिशवी मात्र रिकामीच परत यायची. अर्धवट ऐकून असं बोलू नये बाळ.

आपलं साड्यांचं दुकान तू पाहिलंयस, पण तेव्हाची रीत तुला ठाऊक नाही. गिऱ्हाइकानं चप्पल काढून पांढऱ्या गादीवर टेकायचं, चहा यायचा, आणि अण्णा, म्हणजे तुझे आजोबा, एकेक साडी उलगडून पुढ्यात टाकायचे. कपाटाला हात लावायचा तो दुकानदारानंच. घरच्या बायकांनी दुकानाची पायरी चढायची ती फक्त लक्ष्मीपूजनाला. आक्का कुरुंदवाडच्या, माहेरीसुद्धा कापडाचाच धंदा. पण विकायचं काम दोन्ही घरी पुरुषांचं. अण्णा जेवायला बसले की त्या ताटाशी बसून विचारायच्या, "आज कुठला रंग गेला?"

अण्णा म्हणायचे, "आमटी वाढ."

पहिला मॉल त्यांना बंगळूरला सापडला. तुझ्या बाबांना तिकडं नोकरी लागली, त्यांचं घर लावून द्यायला आम्ही दोघी गेलो होतो. काचेच्या दारापाशी आक्कांनी सरळ चपला काढल्या. कापडाचं दुकान म्हटल्यावर पाय आपोआप चप्पल सोडतात ना! वॉचमन "बेडा अम्मा, बेडा" करत मागं धावला, नको म्हणत. आत गेल्यावर मात्र त्या एका जागी उभ्याच राहिल्या. बाया स्वतःच्या हातानं कपडे काढत होत्या, अंगाला लावत होत्या, परत ठेवत होत्या. कुणी बसा म्हणेना, कुणी दाखवेना. आक्कांनी माझा हात दाबला. "मंगल, हितं विकतंय कोण गं?"

त्या प्रश्नानं त्यांना झपाटलं. श्रीशैलला निघालेली आमची गाडी त्यांनी हैदराबादेत थांबवली. बरोबरच्या बायका कुरकुरायला लागल्या, तर म्हणाल्या, "मल्लिकार्जुन कुठं पळून जातोय? मॉल नवाला बंद हुतोय की!" आत गेल्यावर खिडक्या का नाहीत, आरसे कुठं लावलेत, भारी कापड पुढं ठेवलंय की मागं, सगळं हिंडून बघायच्या. सरकत्या जिन्यावरनं उगाच वर-खाली करायच्या. मी चिडले की म्हणायच्या, "वर पोचल्यावर माणूस आधी काय बघतंय, ते बघतो मी. तू बस जा." आपल्याकडच्या बाया बोलतात तसं, स्वतःला 'बघतो'च म्हणायच्या. मग मी बाकावर बसायची, आणि त्या येऊन बघितलेलं सगळं मला सांगायच्या.

सगळ्यांत आवडता मॉल कुठला विचारलं तर पुण्यातला सांगायच्या. तिथं काय झालं ऐक. कुणीतरी चाळून टाकलेल्या ओढण्यांचा ढीग पडला होता. मोडलेली घडी बघून आक्कांना राहवतंय होय! मी वळून बघते, तर या ढिगाशी उभ्या राहून घड्या घालतायत. एक कॉलेजातली मुलगी आली. तिला वाटलं, या तिथल्याच. "काकू, या कुर्त्यावर कुठली जाईल?" आक्कांनी तिला खांद्याला धरून आरशापुढं उभं केलं. "ही हिरवी टाक. न्हाय न्हाय, काढ ती. मोरपंखी घे. बघ की, तोंड कसं उजळलं!" मुलगी खूश होऊन ओढणी घेऊन गेली. आक्का ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मंगल, मी विकलं गं."

घरी आल्यावर त्यांनी अण्णांकडं दुकानावरची रिकामी खोली मागितली. उघडी कपाटं, मोठा आरसा, आणि विकायला त्या स्वतः. अण्णा तडकले. "घरची बाई दुकानात बसली म्हंजे लोक म्हणतील, ह्याचं दिवाळं निघालं!"

आक्का भांडल्या नाहीत. पुढं एका लग्नाला पुण्याला गेलो, तेव्हा अण्णांना त्याच मॉलमध्ये नेऊन उभं केलं आणि स्वतः बाजूला झाल्या. अण्णा तोंड फुगवून खांबाला टेकले. समोर एक पोक्त बाई खांद्यावर साडी टाकून आरशात बघत होती, मान तिरकी करून, स्वतःशीच हसत. अण्णा बराच वेळ बघत होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्या दुकानात कुठली बाई अशी हसल्याली म्या बघितली न्हाय."

खोली मिळाली. पण पहिल्या दिवशी जवळच्या गडमुडशिंगी गावच्या चौघीजणी वर आल्या त्या जिन्यातच चप्पल काढून, आणि फरशीवर मांडी घालून बसल्या. "दावा की वैनी!" आक्कांनी कपाळाला हात लावला. "उठा गं बायांनो! कपाट बापाचं समजून हात घाला." लाजत लाजत उठल्या, आणि मग उतरायचं नाव घेईनात. वरचा गलका रस्त्यावर ऐकू यायचा. हळूहळू बाया अण्णांच्या गादीला वळसा घालून थेट जिनाच चढायला लागल्या.

मग आक्कांचे गुडघे गेले. जिना चढवेना. घरात बसून राहायच्या, बोलणंसुद्धा आटलं. मला वाटलं, अण्णांना बरंच झालं असेल. तर एका दुपारी हात धुऊन आले आणि म्हणाले, "चल, रिक्षा आणलीया." मीही गेले बरोबर. दुकानात शिरल्यावर अण्णांनी स्वतःचा तक्क्या भिंतीकडं सरकवला, निम्मी गादी मोकळी केली. "बस हितं. तुझ्या बाया खाली उतरतील." शेजारचे दुकानदार माना काढून बघायला लागले, तर अण्णाच ओरडले, "बघताय काय? चहा प्यायला या, मालकीण आलीया!" आक्कांनी पदर सारखा केला आणि बसल्या. मग जाईपर्यंत रोज तिथंच बसल्या.

आता तुझी निघायची घाई. जा, पण पुढच्या वेळी असं उभ्या उभ्या नको, चांगलं राहायला ये, लवकर ये. आणि येण्याआधी तिकडचा एखादा नवा मॉल नीट हिंडून बघ गं. तिथलं काय काय मला येऊन सांगणारं आता कुणी उरलं नाही.