हिरव्या संत्र्यांचा पुरावा

मेश्राम सर गेल्याचं मला सीताबर्डीत, चष्म्याच्या दुकानात कळलं. जुना वर्गमित्र भेटला. म्हणाला, "इंदू, तुले कळलं नाई का? आपले सर गेले... परवा." चष्मा तिथेच ठेवून मी बाहेर पडले. आता महिना उलटलाय. खरं सांगू? रडू येतं ते येतंच, पण सरांना आठवायला बसलं की आधी हसूच येतं. हा माणूस शांतपणे आठवताच येत नाही!

सत्तरच्या दशकात मी त्यांच्याकडे एम.एस्सी.ला होते. कोष्ट्याची पोर, घरी दिवसभर मागाची खटखट, आणि विषय घेतला जिवाणूंचा. पहिल्याच दिवशी सर मला थेट उमरेडकडच्या एका तुरीच्या वावरात घेऊन गेले. एक झाड मुळासकट उपटलं, मुळावरची ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ नखानं फोडली. आतून लालसर निघाली. "हे पाय, लाल! लाल म्हंजे काम चालू हाय. हवेत नायट्रोजन ढीगभर, पण त्याचे दोन अणू असे घट्ट चिकटले हायेत का झाडाले तो खाताच येत नाई. कारखान्याले ते तोडाले भट्टी लागते, दाब लागते. आन् गाठीतल्या या जिवाणूपाशी फक्त एक एन्झाइम हाय, नायट्रोजिनेज. झाडानं दिलेल्या साखरेवर, मातीत बसल्या बसल्या अमोनिया करून राहिलं!" त्या एन्झाइमला ऑक्सिजन सोसत नाही, म्हणून गाठीतला तो लाल पदार्थ ऑक्सिजन धरून ठेवतो आणि बेताबेतानं सोडतो... हे सांगताना सरांचा आवाज एवढा चढला की शेजारच्या वावरातली माणसं भांडण समजून धावत आली.

सरांचा जीव एका गोष्टीत अडकला होता. आमच्याकडचा उन्हाळा पचवून टिकलेला एक जिवाणू त्यांनी त्याच वावरातून वेगळा काढला होता. त्याचं एन्झाइम जोरात चालतं हे सिद्ध करायचं होतं, आणि माझी पदवीही त्यावरच होती. या एन्झाइमला अ‍ॅसिटिलीन वायू दिला की ते त्याचं इथिलीन करतं. पण इथिलीन मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, आणि काही हाती लागल्याशिवाय यंत्र कोण देणार? सर म्हणाले, "इथिलीननं फळाले रंग येते ना? मंग संत्रंच आपलं यंत्र!" अस्सल नागपुरी डोकं! बरणीत त्या जिवाणूच्या गाठी ठेवल्या, सोबत दोन हिरवी संत्री, कार्बाइडवर पाणी टाकून काढलेला अ‍ॅसिटिलीन सोडला, झाकण मेणानं बंद केलं. चौथ्या दिवशी संत्री पिवळी! सरांनी अख्ख्या विभागाला चहा पाजला आणि शनिवारी व्याख्यान जाहीर करून टाकलं.

शुक्रवारी आईनं संत्री आणायला इतवारीच्या बाजारात पाठवलं. दुकानदार हिरव्या संत्र्यांच्या ढिगात कागदाच्या पुड्या खुपसत होता. "काका, हे काय?" "कार्बाइड हाय वं. तीन-चार दिवसांत मस्त रंग येते." कार्बाइडमधून निघतो तो अ‍ॅसिटिलीनच की! म्हणजे रंग नुसत्या अ‍ॅसिटिलीननंही येतो, गाठी नसत्या तरी आमची संत्री पिवळी झाली असती. नागपुरात जन्मलेली दोन शहाणी माणसं, आणि जे बाजारात सगळ्यांना ठाऊक ते आम्हाला सुचू नये?

सरांचं घर प्रताप नगरला. खोटं कशाला बोलू, अर्ध्या रस्त्यात माझ्या मनात आलं, गप्प बसावं. कुणाच्या लक्षात येणार? पण गेले, आणि दारातच सगळं सांगून टाकलं. सर खुर्चीत बसले. काकूंनी आणलेला चहा निवला... "बिनगाठीची बरणी काहून नाई लावली गा आपण?" ते स्वतःलाच विचारत होते. मग मान वर करून म्हणाले, "बरं केलं पोरी. उद्या सांगून टाकू."

आणि सांगितलं! भरल्या सभागृहात, खडू हातात घेऊन. लोक हसले. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "मेश्राम, बाजारात जात जा जरा!" सरही हसले, पण लगेच फळ्याकडे वळले. "चूक माझी हाय," ते म्हणाले, "आन् पकडली या इंदूनं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

पुढच्या वर्षी परगावच्या यंत्रावर गाठी तपासून घेतल्या. या वेळी बिनगाठीची बरणीही पाठवली होती. तिच्यात इथिलीन नाही, गाठींच्या बरणीत भरपूर! निकालाची तार आली तेव्हा सर व्हरांड्यात अक्षरशः नाचले. मी पास झाले, नोकरीला लागले, संसारात पडले. भेटी कमी होत गेल्या. त्या शनिवारचा विषय मी त्यांच्यासमोर पुन्हा कधी काढला नाही, उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची म्हणून.

परवा विभागात शोकसभा झाली. संपल्यावर संशोधन करणारी एक मुलगी माझ्याजवळ आली. "मॅडम, इंदू म्हणजे तुम्हीच का?" मी हो म्हटलं, तशी ती मला हात धरून प्रयोगशाळेत घेऊन गेली. म्हणाली, "आमच्याकडे बिनगाठीच्या बरणीला इंदूच म्हणतात. निवृत्त झाल्यावरही सर रोज यायचे आणि विचारायचे, इंदू लावली का? नाही म्हटलं की प्रयोग बंद." फळीवर गाठींच्या बरण्यांशेजारी एक बरणी वेगळी ठेवलेली होती. तिच्यावर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर सरांच्या तिरप्या अक्षरात माझं नाव.