टोकाची बांधी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी फौजेच्या एका कार्यालयात बसून कागदावर पलटणी हलवत होतो. प्रदेश अफाट, उजाड, बर्फाचा; माणसं मोजकी. जागोजागी चौक्या बसवणं शक्यच नव्हतं. म्हणून माझी योजना अशी: चौक्या थोड्याच, बाकीची फौज मध्यावर, ट्रकांवर सज्ज, हल्ला होईल तिकडे धावायचं. सगळ्यात लांबच्या चौकीपर्यंत पोहोचायला एकोणीस तास. तोवर चौकीने तग धरावा, असं एका ओळीत लिहून मी साहेबांची शाबासकी घेतली. मोठा शहाणा मी!

दसऱ्याला अड्याळजवळच्या आमच्या गावी आलो. धाकटा भाऊही सुटीवर आलेला. मी शिकलो म्हणून अफसर झालो, तो शाळा सोडून फौजेतच शिपाई. शेतात बसल्या बसल्या त्याने नव्या चौकीची जागा सांगितली. तीच, एकोणीस तासांची.

पाऊस उघडला होता, उशिरा पिकणारा भारी धान निसवत होता, तलावाचं पाणी पाळीपाळीने सुटत होतं. आमची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, अगदी टोकाची. वरच्यांचं भरलं की मग आमचं. आई आमचं बोलणं ऐकत होती. तिने फौजेचंही तसंच समजून घेतलं.

"म्हंजे हा टोकाच्या बांधीत हाये," ती म्हणाली. "तुयी फौज सुटल्यावर याच्यापर्यंत कधी पोहचते?"

समोर आमचा धान पाण्यावाचून पिवळा पडत चालला होता.

"दोन तासात," मी म्हणालो.

"मंग कायची फिकर!" भाऊ हसला. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

खरं सांगायचं म्हणून मी त्याला पवनीच्या स्टँडवर सोडायला गेलो. बस लागलेली होती. "दादा, तू बोलला तवापासून माय खुशीत दिसून राहिली," तो म्हणाला. मी त्याची पेटी बसच्या टपावर चढवून दिली.

कार्यालयात परतल्यावर साहेबांना भावाचं सांगितलं, त्या बाजूला एक तुकडी पुढे आणा म्हणून विनवलं. ते म्हणाले, "कुणाच्या भावाच्या वाट्याची काढून आणू?" त्यांचं बरोबर होतं, याचाच मला संताप आला.

थंडीत भावाचं पत्र आलं. "इथली पोरं नवीन आहेत, घाबरतात. मी त्यांना सांगितलं, फक्त दोन तास काढायचे, माझ्या दादाने हिशोब मांडला आहे. आता सगळे निवांत आहेत."

उत्तरात मी घरची खुशाली लिहिली.