आचलचा झाकलेला गाल

चिमूरला बस स्टँडमागच्या गल्लीत श्रावण खोब्रागडेचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे, बारशाचे, पासपोर्टचे फोटो काढणारे तालुक्यात आणखीही होते. पण मेलेल्या माणसाचा फोटो करायचा म्हटलं की लोक श्रावणचंच नाव घ्यायचे.

आजूबाजूच्या खेड्यांत कित्येकांचा हयातीत एकट्याचा असा फोटोच निघालेला नसायचा. माणूस गेलं की घरचे शोधाशोध करायचे. कुणी मतदानाचं ओळखपत्र आणायचं, कुणी लग्नातला घोळक्याचा फोटो, ज्यात चेहरा लाखोरी डाळीच्या दाण्याएवढा. श्रावण तो चेहरा उचलायचा, मोठा करायचा, फाटलेलं-विरलेलं भरून काढायचा, अंगावर चांगलं लुगडं नाहीतर कोट चढवायचा, आणि मागे निळं आभाळ द्यायचा. ही कला तो चंद्रपूरला देवराव फोटोवाल्यांच्या हाताखाली शिकला होता, तेव्हा निगेटिव्हवर पेन्सिल चालवावी लागे. पुढे कॉम्प्युटर आला आणि पेन्सिल गेली. एक सवय मात्र तेव्हापासूनची राहिली होती. गेलेल्या माणसाला तो थोडं गोरं करायचा, सुरकुत्या पुसायचा, डाग काढायचा. लोक खूश व्हायचे. निदान तसं म्हणायचे तरी.

भारनियमनाचे दिवस होते. वीज दिवसातून इतक्या वेळा जायची की टेबलावरच्या कॉम्प्युटरवर मोठं काम धरवत नव्हतं. म्हणून २००८च्या दिवाळीत श्रावणने जुना कॉम्प्युटर बदल्यात देऊन चंद्रपूरहून नवा लॅपटॉप आणला. वीज गेली तरी बॅटरीवर चालणारा. संघप्रियाने, त्याच्या बायकोने, लॅपटॉपसाठी जुन्या साडीची झाकणी शिवली.

त्या लॅपटॉपवर आलेलं पहिलं मोठं काम आचलचं होतं.

डोमा आणि कुंता, ढिवर नवरा-बायको, जवळच्या खेड्यातल्या तलावात मासे धरून पोट भरणारी. त्यांची आचल नववीत होती. पावसाळ्याच्या शेवटी ताप डोक्यात गेला आणि दवाखान्यात नेईपर्यंत पोरगी शुद्धीवर नव्हती, ती परत आलीच नाही. तिचा एकच फोटो होता, मावसभावाच्या लग्नातला. मागच्या रांगेत उभी, आणि समोरच्या बाईचं डोकं मधे आल्यामुळे उजवा गाल, डोळा आणि भुवईही झाकलेली. डोमाने फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, एवढीच हाय पाहा. यातून पूरी पोरगी काढता येते काय?"

"येते," श्रावण म्हणाला.

कुंता दाराच्या चौकटीला टेकून रस्त्याकडे बघत होती. पोरगी गेल्यापासून ती बोलतच नाही, असं डोमाने नंतर हळूच सांगितलं.

श्रावणने काम हाती घेतलं. दिसणारा डावा गाल उलटा करून उजवीकडे जोडायचा, ही त्याची नेहमीची युक्ती. हनुवटी जुळवली, केस भरायला लागला, आणि पडदा एकाएकी निळा पडला. पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी काहीतरी आलं आणि लॅपटॉप आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू झाला. त्याला वाटलं, नवं यंत्र आहे, एखाद्या वेळी होतं असं. पण दुसऱ्या दिवशीही तेच झालं. कधी तो फोटो उघडल्या उघडल्या, कधी दुपारभर काहीच नाही आणि संध्याकाळी अचानक. मधेमधे काम जपून ठेवलं होतं, पण त्यातलं काही उघडायलाच तयार नव्हतं, काही उघडलं तर चेहऱ्यावर रंगीत पट्टे.

व्हायरस असेल म्हणून त्याने सगळं पुसून नव्याने भरलं. तरी तेच. व्होल्टेज वरखाली होत असेल म्हणून वायर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून पाहिला. तरी तेच. तापत असेल म्हणून खाली दोन विटा लावून टेबलफॅन सोडला. पहाटेच्या थंडीतही तो तसाच बंद पडला. मग एसटीने चंद्रपूर गाठून ज्याच्याकडून घेतला त्या दुकानदाराला दिला. त्याने तीन-चार दिवस ठेवून परत केला. "इथी तं मस्त चालून राह्यला. तुमच्या गावच्या लाइटीचा दोष असन," तो म्हणाला.

परत आणल्यावर लॅपटॉप खरंच नीट चालला. पासपोर्टचे फोटो झाले, आमंत्रणपत्रिका झाल्या. श्रावणला हायसं वाटलं. त्याने आचलचा चेहरा पुन्हा पहिल्यापासून करायला घेतला, आणि बाजाराच्या दिवशी डोमा-कुंता चौकशीला आले तेव्हा तो जवळजवळ पूर्ण झाला होता. नुसते केस राहिले होते.

"या बाई, पाहा," त्याने कुंताला बोलावलं. "तुम्ही सांगा, कसी झाली ते."

कुंता पहिल्यांदाच दारातून आत आली. श्रावणने चेहरा मोठा केला. पडदाभर आचल. कुंता खुर्चीवर बसली, थोडी पुढे झुकली, तोंड उघडलं, आता काही म्हणणार तोच पडदा निळा झाला.

एक क्षण कुणालाच काही उमगलं नाही. मग कुंताच्या तोंडून असा आवाज निघाला की शेजारचा कापडवाला धावत आला. ती उठली आणि सरळ रस्त्याला लागली. डोमा तिच्यामागे धावला, पण जाता जाता थांबून एवढंच म्हणाला, "एकडाव गेली ते पुरे होतं, भाऊ."

त्या दिवशी श्रावणने स्टुडिओ लवकर बंद केला. घरी जेवताना संघप्रियाने विचारलं, "काऊन असे बसले?" त्याने सांगितलं. तिने त्याच्या ताटात भात वाढला. मग म्हणाली, "तिले काऊन दाखवलं तुम्ही? यंत्राचा भरोसा नोहता ना?"

काम चांगलं झालं होतं आणि कौतुक ऐकायचं होतं, हे त्याला स्वतःला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवसापासून तो यंत्रावर चिडायचा थांबला आणि त्याच्याकडे नीट लक्ष द्यायला लागला. पासपोर्टच्या कामात ते कधी बंद पडलं, हे आठवून पाहिलं. एकदाही नाही. पत्रिकेत? नाही. आचलच्या फोटोत मात्र दर वेळी. चेहरा मोठा, थरावर थर चढवलेले, काम जड. म्हणजे ओझं वाढलं की ते कोसळतं, हलक्या कामात तग धरतं. दुकानदाराने ते नुसतं चालू करून पाहिलं असणार, ओझं कधी दिलंच नसणार.

हे घेऊन तो मिथुनकडे गेला. मिथुन गावात कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा, श्रावणचा शाळासोबती. तो ऐकून म्हणाला, "मंग मेमरी पाहावं लागते. काम जड झालं की ती वरपर्यंत भरते. वरचा भागच सडका असन तं तिथी गेल्याबरोबर आपटते. आन खराब मेमरीतून गेलेलं काम जपून ठेवलं तरी नासकंच राह्यते."

त्याच्याकडे मेमरी तपासायची एक सीडी होती. दोघांनी ती लावली आणि चहा पीत बसले. बराच वेळ आकडे सरकत राहिले. मग पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या, एकीखाली एक, थांबेचनात.

लॅपटॉपच्या पोटाशी एक छोटं झाकण होतं. आत मेमरीच्या दोन पट्ट्या. मिथुनने एक काढली, तपासणी लावली. पुन्हा लाल ओळी. मग ती बसवून दुसरी काढली. या वेळी तपासणी शेवटपर्यंत गेली, एकही लाल ओळ नाही. काढलेली बोटाएवढी हिरवी पट्टी श्रावणच्या तळहातावर होती. दिसायला अगदी चांगल्या पट्टीसारखी. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. हिच्यापायी एका आईसमोर तिची मुलगी दुसऱ्यांदा नाहीशी झाली होती.

"दुकानदाराले दाखव, बदलून देईन," मिथुन म्हणाला. "तवरोक एकीवर चालव. धिमा चालन, पण पडनार नाई."

तो खरोखर धिमा चालला, पण पडला नाही. श्रावणने आचलचा चेहरा तिसऱ्यांदा केला. आता त्या फोटोशिवायही तो चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहायचा. काम पुरं झाल्यावर त्याने यंत्र मुद्दाम दिवसभर जड कामात जुंपून ठेवलं. ते तगलं. मग बॅटरी भरून, पिशवीत घालून, तो गाडीने डोमाच्या गावाला गेला.

डोमा अंगणात जाळं सांधत होता. कुंता ओसरीवर मासे सुकवायला पसरत होती. पिशवी बघून ती उभी राहिली.

"ते डबडं माह्या घरात नको आनू."

"नाई आनत, बाई," श्रावण म्हणाला आणि अंगणातच थांबला. "चूक माही होती. यंत्र खराब होतं आन मी तुमाले त्याच्यापुढं बसवलं. आता त्याचा दोष सापडला. पोरगी तयार आहे. पाहायची नसन तं मी कागदावर काढून डोमाभाऊजवळ देतो."

मग कुंताने हात पदराला पुसले आणि ओसरीवरची जागा मोकळी केली.

श्रावणने लॅपटॉप उघडला. कुंता दूर, भिंतीशी बसली. आचल पडद्यावर आली आणि राहिली. कुंता बघत राहिली. हळूहळू पुढे सरकली. आणि म्हणाली, "हे आचल नोहे."

श्रावणने पडद्यावरून मान वर केली. "काऊन, बाई?"

"दोनी गाल सारखे हायेत हिचे. माह्या पोरीचे सारखे नोहते."

"उजवा गाल मले फोटोत दिसलाच नाई," तो म्हणाला. "डावाच उलटा करून लावला. तुम्ही सांगा, कसा होता?"

कुंताने आधी डोमाकडे पाहिलं. मग बोट पडद्याजवळ नेलं, टेकवलं नाही. "इथी भुवई तुटली होती. लहान होती तवा डोंग्याच्या काठावर पडली. ह्या डोऱ्याले उन्ह लागे, तं बारीक करे. आन तोंड इकून हसे. पूरी हसेच नाई कधी, एवढी एकीकूनच." श्रावण एकेक करत गेला. भुवईत फट, डोळा किंचित बारीक, ओठाचं एक टोक वर. "जास्त झालं. अजून खाली. हां." ती सांगत गेली आणि मग चेहऱ्याच्याही पलीकडे गेली. तलावात पोहून सगळ्या पोरांना मागे टाकायची, वर्गात मास्तरांशी वाद घालायची, वेणी घालताना रडायची. डोमाचे जाळ्यावरचे हात थांबले होते. बायकोचा आवाज तो कित्येक दिवसांनी ऐकत होता. त्याने तोंड तलावाकडे फिरवलं आणि पंचा डोळ्यांना लावला.

श्रावणची नजर अधूनमधून पडद्याच्या कडेला जायची, निळं काही येतंय का बघायला. काही आलं नाही.

"आन एवढी गोरी कोनाची पोरगी केली तुमी?" कुंता म्हणाली. "कारी होती माही. कारीच ठेवा."

त्याने चढवलेला उजळपणा सगळा उतरवला. इतक्या वर्षांत कुणी त्याला असं सांगितलं नव्हतं. कदाचित इतरांनाही सांगायचं असेल, हे त्याच्या पहिल्यांदाच मनात आलं.

दुकानदाराने श्रावणने काढलेला लाल ओळींचा फोटो पाहिल्यावर पट्टी मुकाट्याने बदलून दिली. पुढच्या बाजाराच्या दिवशी नवरा-बायको फोटो न्यायला आले. श्रावणने चौकट कुंताच्या हातात दिली. मागे निळं आभाळ नव्हतं, नुसता राखी रंग. तिने काचेवर हात फिरवला, उजव्या भुवईशी थोडा थांबवला.

"जराशी रागात दिसते," ती म्हणाली.

"काढून टाकू काय ते, बाई?"

"नको," कुंता म्हणाली. "रागीटच होती."

डोमाने चौकट आपल्या पंच्यात गुंडाळली, आणि दोघं बसकडे निघाली.